नकाशावरून पुसलेली अकरा शेतं

१ डिसें.
सेंटरवर नवीन पेशंट, कृत्रिम पाय बसवायला. धापू, वय सव्वीस, सीमेजवळच्या गावची. उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला. जखम भरलीय, पण हात लावू देत नाही. बकरी हाकायला शेतात गेली, लढाईत पुरलेला सुरुंग फुटला. लढाई संपली तेव्हा ही पाळण्यात होती.
शेत साफ असल्याचा बोर्ड सरकारनेच लावलेला. मंत्री आले, लाडू वाटले. “मैंने भी खाया था, दीदी.”

४ डिसें.
निवडणुकीचा निकाल. सरकार गेलं. सेंटरवर निम्म्यांनी पेढे वाटले, निम्मे गप्प. धापूने विचारलं, आता तो बोर्ड कोणाचा?
जेवताना सुधीरला तिच्या गावाचं नाव सांगितलं. घास हातातच राहिला. “कुठल्या बाजूचं शेत?” मला काय माहीत! पान तसंच टाकून उठला. लग्नाला चोवीस वर्षं झाली, असं कधी केलं नाही.

५ डिसें.
सकाळी चहा घेताना बोलला. गेल्या वर्षी त्या गावाचा नकाशा सुरुंग काढणाऱ्या खात्यात त्याच्याच टेबलावर होता. अकरा शेतांत वाळू सरकलेली, पुरलेले सुरुंग सापडेनात. त्याने ती शेतं लाल केली. नकाशा वर गेला, परत आली ती नवी प्रत, लाल रंग पुसलेली. साहेब म्हणाले, निवडणुकीआधी काम पूर्ण दाखवायचंय, उरलेलं नंतर बघू.
“आणि तू?”
“सही केली.”
त्याचा डबा भरला आणि कामावर गेले.

९ डिसें.
धापू दांड्यांना धरून सहा पावलं चालली. पहिल्यांदा हसली. मला तिच्याकडे बघवेना.
सुधीरच्या हापिसात जुन्या फायलींची ‘छाननी’ चाललीय. लाल खुणांच्या मूळ नकाशाची रजिस्टरात नोंद आहे, नकाशा कपाटात नाही. मात्र त्याने स्वतः काढलेलं पेन्सिलचं ट्रेसिंग घरी आहे. पलंगाखालच्या पेटीत. मला आज कळतंय.

११ डिसें.
भांडण. मी म्हटलं, आधी गावाला कळव, चौकशी-बिकशी मागून. तो म्हणे, पक्क्या कागदाशिवाय बोललो तर मीच खोटा ठरेन, पेन्शनला दोन वर्षं राहिलीत.
“मग ठर ना खोटा!” एवढी ओरडले की समोरच्या होस्टेलची पोरं गॅलरीत आली. आमच्या गोपालपुऱ्यात भिंती म्हणजे नुसते पडदे.

१३ डिसें.
धापूच्या भावाला, भंवरला, फोन लावला. शेवटी सुधीरनेच ट्रेसिंग काढून शेतांचा एकेक नंबर वाचला. सातव्याला भंवरने थांबवलं, “साहब, ये तो हमारा है.” नववं शाळेच्या मागचं. पोरं तिथे खेळतात.
यादी संपल्यावर त्याने विचारलं, “आपको कब से पता था?”
सुधीरने खरं सांगितलं. भंवर फक्त ‘लिख लिया’ म्हणाला.

१४ डिसें.
धापूला मीच सांगायला हवं होतं. सांगितलं. ऐकून घेतलं तिने, पट्टा सोडला, पाय काढून बाजूला ठेवला. “मुझे दूसरी दीदी चाहिए.”
तिचा तक्ता सेंटरवरच्या मीनाजींकडे दिला. बरोबरच आहे तिचं. पण दिवसभर...

१९ डिसें.
सुधीरने लेखी निवेदन दिलं, ट्रेसिंगची प्रत जोडून. साहेब तेच. म्हणाले, नव्या मंत्र्यांचा तिकडे दौरा आहे, तोवर थांबा. मग त्याने एक प्रत कलेक्टरना रजिस्टर पोस्टाने पाठवली. पोच नाही अजून.

२२ डिसें.
भंवरचा फोन. दहा शेतांना काट्यांचं कुंपण घातलं. अकराव्यात मोहरी उभी आहे, गुडघ्याएवढी. मालक ऐकत नाही. पेरताना काही झालं नाही, कापताना काय होणार, म्हणतो. शेत साफ असल्याचा सरकारचा दाखला फ्रेम करून ओसरीवर लावलाय त्याने.
सुधीर परवा जातोय तिकडे. रजा टाकली, कारण लिहिलं नाही. मीही निघतेय. त्या माणसाशी काय बोलायचं, ते दोघांनाही ठाऊक नाही. कापणीला दोन महिने आहेत. घरात दोन सुना आहेत त्याच्या, कापायला त्याच उतरतील.