वीणा सोडताना

१ जानेवारी १९९५, रविवार
नवीन वर्षाचा संकल्प: रिटायर व्हायचं. नेरूळात भजनी मंडळ काढलं तेव्हा इथे नुसता चिखल होता. आता पत्र्याचं का होईना, देऊळ आहे. साताऱ्याकडची सगळी बिऱ्हाडं मला बुवा म्हणतात. पण माणसाने वेळेवर बाजूला व्हावं, तेही ग्रेसफुली. मंडळ शिवरामच्या हाती देणार. वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोणी उचलतो. आवाज चांगला आहे. माझ्याएवढा नाही.

२ जानेवारी
बायकोला सांगितलं. वाटलं, डोळ्यांत पाणी येईल. राजाबाई म्हणाली, मंग आता दळण तुमीच आणत जावा.


५ जानेवारी
मंडळाची मीटिंग. जाहीर केलं, सप्त्यात काल्याच्या दिवशी वीणा शिवरामच्या गळ्यात घालणार, मग मी मोकळा. लोक नको नको म्हणतील म्हणून चष्मा पुसत थांबलो. मंडळाचा हिशेब बघणारा आप्पा म्हणाला, बरं, पुढचा विषय मांडव.
धक्का बसला असणार सगळ्यांना.

९ जानेवारी
शिवराम विचारायला आला, काकड्याची वेळ अलीकडं घ्यायची का, मार्केटवाल्यांना ड्यूटी असती. म्हटलं, तू ठरव, मी आता यात नाही. मग आप्पाला गाठून सांगितलं की वेळ बदलायची नाही. नुसतं मार्गदर्शन म्हणून.

१५ जानेवारी
सप्ताह बसला. सात दिवस वीणा खाली टेकायची नाही. एकाने उतरवून दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. मी वाकत नाही, नुसता डोक्यावर हात ठेवतो. गुडघे. तसे ठीक आहेत, पण रिस्क कशाला?
शिवरामपुढे मात्र वाकणार. सगळ्यांनी बघितलं पाहिजे.

१८ जानेवारी
घरी कपाटापुढे वाकायची प्रॅक्टिस केली. राजाबाईने विचारलं, काय हरवलंय?

२२ जानेवारी, सकाळ
आज काला. भाषण पाठ आहे. 'आता मी तुमच्यातलाच एक' या वाक्याला थांबायचं, लोकांना रडायला वेळ द्यायचा. वीणा आत्तापासूनच माझ्या गळ्यात घेणार. मन शांत आहे.

२२ जानेवारी, संध्याकाळ
कीर्तन झालं, हंडी फुटली. शिवराम हात पुढे करून उभा. मी म्हटलं, थांब, एक गजर होऊ दे. तो झाल्यावर म्हटलं, आणखी एक. शिवराम उभाच. बोटं सुटत नव्हती माझी, खरंच. तेवढ्यात आप्पा ओरडला, पंगत बसली, शिवराम, वाढायला चल. तो गेला. अख्खा मांडवच पंगतीला गेला.
वीणा खाली ठेवता येत नाही. म्हणून उभा राहिलो. भाषण खिशात. मांडववाल्याने सतरंज्या गुंडाळल्या, माझ्या पायाखालची राहिली. म्हणाला, आजोबा, जरा सरका ना.
सरकलो.
शेवटी शिवराम आला. हाताला बुंदीचा पाक, तो आधी धुऊन आला. माझ्या पाया पडला, वीणा उतरवून घेतली. मग मी वाकलो. पुरता, कपाटापुढे वाकलो होतो तसा. समोर त्याच्या टाचा होत्या. सप्ताह उठला होता, वीणा गळ्यात घालायचं कारणच उरलं नव्हतं. तो ती देवापुढच्या खुंटीला लावायला निघाला होता.
परत येऊन त्याने मला हात देऊन उठवलं. विचारलं, बुवा, जेवला न्हवं?
हो म्हटलं. पंगत उठली होती.
वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

२३ जानेवारी
काकडा लवकर झाला म्हणे. मला जाग आली तेव्हा संपला होता.
दळण टाकायला गेलो. चक्कीवाला नवीन आहे, डब्यावर नाव काय लिहू म्हणाला.
राजाबाईचं सांगितलं.