माशांची अविरोध वाटणी

प्रिय रागिणी,

फोनवर तू भरभर बोलतेस आणि मी नुसती ऐकत जाते, म्हणून हे लिहिते आहे. शनिवारी अभ्यास मंडळाची बैठक. जागतिक मत्स्यव्यवस्थापन आणि धोरणाचा आपला पेपर काढून त्या जागी मधमाशीपालन आणायचं, हा विषय तुझ्याच सहीने आला आहे. त्यावर बोलण्याआधी माझ्या वर्गात काय झालं ते सांगते.

मुलांचे गट पाडून मी त्यांना देश वाटून दिले होते. हिंदी महासागरातल्या ट्यूनाचा, म्हणजे आपल्या कुप्याचा कोटा ठरवायचा, शास्त्रज्ञांनी घातलेल्या मर्यादेत. कडाकडा भांडतील अशी माझी कल्पना. हरकती लिहायला अर्धा फळा मोकळा ठेवला होता मी! स्पेनचा प्रमुख देवानंद, भातकुलीकडच्या एका माजी सरपंचाचा मुलगा, उभा राहून म्हणाला, "मॅडम, कॅन्टीनमधीच बसलो होतो सारे. झालं अविरोध." गावातली निवडणूक आदल्या दिवशी बसून मिटवतात, अगदी तसं. स्पेनला आणि जपानला मागितलं तेवढं. इंडोनेशियाला थोडं जास्तच, कारण तो गट रुसला होता. मालदीवला यंदा कमी, पण उपाध्यक्षपद, आणि "पुढच्या साली तुमचाच नंबर." मालदीव म्हणजे अंकुर. त्याचे वडील मोर्शीकडच्या धरणावर मासे धरतात. निदान तो तरी अडून बसेल असं मला वाटलं होतं. तो गळ्यात झेंडूचा हार घालून बसलेला. बेरीज केली तर मर्यादेच्या दीडपट. हे जास्तीचे मासे आणणार कुठून, असं विचारलं, तर मोनाली म्हणते, "मॅडम, तुमी काहून चिडून राहिल्या? कोनी नाराज तं नाही ना?" मागून कुणीतरी ओरडलं, "मासे सोडून!" वर्ग हसला. अंकुरही हसला.

मी सगळ्यांना शून्य दिलं आणि घरी येऊन ते खोडलं. खऱ्या परिषदांत तरी याहून वेगळं काय होतं? मी त्यांना करार शिकवले, आकडे शिकवले, बंदीचा काळ शिकवला; हरकत घ्यायला शिकवलं का? की माझा तास फसला म्हणून मी चिडले, आणि माशांचं नुसतं निमित्त? नीट सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग पुन्हा घेतला. प्रत्येकाने किमान एक लेखी हरकत घ्यायची, अशी अट घातली. देवानंदने एकच हरकत लिहून सगळ्यांना फॉरवर्ड केली.

समुद्रच नाही तिथे समुद्राचा पेपर कशाला, हे तुझं म्हणणं मी खूप वेळा मनात घोळवलं. मुलंही तेच म्हणतात. पण एम.एस्सी.च्या सहलीत रत्नागिरीला आपण पहाटे माशांच्या लिलावात उभ्या होतो, ते आठवतं? वासाने तुला मळमळत होतं. माझ्या माळकरी घरात तर अंडंही येत नव्हतं. तरी तू तोंडाला ओढणी धरून एका कोळणीला विचारत राहिलीस, एवढीशी पिल्लं कशाला धरली म्हणून. ती म्हणाली, मी नाय धरली तर शेजारी धरील. परतीच्या गाडीत अकोला येईपर्यंत तू त्यावरून सरांशी भांडत होतीस. पुढे आपण दोघींनी हा पेपर लिहिला तो त्या भांडणातून. तो काढायचं तू सुचवावंस, याचा राग मला अजून गिळता येत नाही. विद्यार्थी कमी होताहेत, तुझ्यावर वरून दबाव आहे, हे कळत असूनही.

परवा तू म्हणालीस, "सीमा, सगळ्यांची संमती आहे, तुझीही धरली. एकमताने गेलं की कुणी प्रश्न विचारत नाही." आणि लगेच तुझ्या आईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनकडे वळलीस. मी काही बोलले नाही, पण तो होकार नव्हता. अध्यक्ष म्हणून तुझी ही पहिलीच बैठक, आणि तीत विरोध करणारी मी असेन. बहुधा एकटीच. माझा विरोध इतिवृत्तात माझ्या नावाने लिहून घे. मी हरणार, हे माहीत आहे. फक्त सगळ्यांसमोर तुला हे पहिल्यांदा कळू नये, म्हणून आधी लिहिलं. बैठकीनंतर नेहमीसारखा डबा एकत्र खायचा का? नको असेल तर तसं सांग. पण सांग.

भांडायला येणारी, तरी तुझीच,
सीमा