मार्क देणार मी

३ मार्च, सकाळी
बदला घेणार. सोडणार नाही.
सुरतच्या आमच्या साडी मिलमध्ये नव्या आलेल्या ऋचा मॅडमनी ट्रेनिंगच्या आधीच दहा शिकाऊ कामगारांची परीक्षा घेतली. अक्कल किती, कामाची माहिती किती. म्हणे पेपरात जो पुढे, तोच ट्रेनिंगमध्ये पुढे जातो. इतकी वर्षं ट्रेनिंग मास्तर मी, नुसते हात बघून माणूस निवडतो. मला विचारलंसुद्धा नाही. पहिली आली लिंबायतची विशाखा. शेवटचा माझा मेहुणा राकेश. राकेशचे हात मी स्वतः पाहिले होते!

४ मार्च
उपाय सापडला. ट्रेनिंगचे मार्क कोण देणार? मी! राकेश पहिला, विशाखा शेवटची. मॅडमचा पेपर खोटा पाडतो.
बायकोनेही, अनुसयेने, बजावलंय, "मना भाऊले नापास करं ते भाकर भेटाव नही." म्हणजे न्याय आणि जेवण, दोन्ही एकाच बाजूला.

९ मार्च
विशाखाला मुद्दाम अडकणारं मशीन दिलं. तिने विचारलं, हे का अडकतं? उलट प्रश्न! पाच मार्क कापले. दुपारनंतर मशीन अडकेना. माझा धाक, दुसरं काय.

११ मार्च
राकेश आज आला नाही. जन्मजात कारागिराला रोज यावं लागत नाही. पैकीच्या पैकी.

२० मार्च
निकाल दिला. मॅडमनी दोन्ही याद्या शेजारी ठेवून एकेका नावावर बोट फिरवलं. जिरली! शेवटी म्हणाल्या, काका, दहाही नावं बरोब्बर उलटी, चुकूनसुद्धा इतकं नेमकं जमत नाही. हरल्यावर कौतुक करायला मोठं मन लागतं.

२३ मार्च
पहिला नंबर म्हणून राकेशला शेठसमोर नव्या प्रिंटिंग मशीनवर उभं केलं. साडीवरचे हिरवे मोर लाल आले, तेही डोकं खाली करून. शेठ ओरडले, "आने कोणे शीखवाड्युं?" कोणी शिकवलं म्हटल्यावर राकेशने लगेच माझ्याकडे बोट केलं. नालायक. बहिणीवर गेलाय.
मग विशाखाला बोलावलं. मोर सरळ झाले. शिकली कुणाच्या हाताखाली, हे मात्र कुणी बोललं नाही.

२५ मार्च, रात्री
शेठचा हुकूम. नवं मशीन मीही शिकायचं, नाहीतर गोडाऊनला बदली. आज मॅडमनी माझाही पेपर घेतला. निकाल सांगितला नाही, नुसत्या हसल्या.
ट्रेनिंग देणार विशाखा. मार्कही तीच देणार.
सकाळी तिच्यासाठी नाश्त्याला गरम लोचो घेऊन जावं म्हणतो. बटर जास्त घालून.