काचेआडची अक्षरं

फोटो खोटा आहे. पेपरात आला म्हणून खरा होत नाही, आणि खाली 'बोटांनी वाचणारी मुलगी' असं छापलं म्हणून तर मुळीच नाही. समोरच्या शिंपीणबाईंनी तो कापून दुकानातल्या आरशाला चिकटवलाय. गिऱ्हाईक आलं की आधी फोटो दाखवतात, मग माप घेतात. मी जाता-येता तोंड फिरवते. हे पोटातलं आधी बाहेर काढलं, आता मायना लिहिते.

प्रिय थोरले,

तुझा भाऊ म्हणाला, आई तू सांग, मी लिहितो. नको म्हटलं. तो माझ्या बोलण्यात साखर घालतो. माझं चौथीतलं अक्षर जमेल तसं लावून घे. गुडघे आहेत तसेच आहेत. वरच्या मजल्यावरचे मास्तर अजून बाजा शिकतायत आणि बाजा अजून त्यांना दाद देत नाही. तुझी भाची भिंगरी त्यांचे चुकलेले सूर जिन्यातून मोठ्याने सांगते, त्यामुळे मास्तर माझ्याशी बोलत नाहीत. तेवढीच शांतता.

तुझ्या म्युझियमच्या उद्घाटनाला आलो तेव्हा मी खूश होते, हे आधी लिहून ठेवते, नाहीतर म्हणशील आईला सगळ्यातच खोट दिसते. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार तू पुढच्या दाराला केलास, मागे कचऱ्याच्या डब्यांजवळ नाही. शाब्बास. तो भला मोठा कान तर झकासच. पोरं आत रांगत जातात. भिंगरी आत गेली ती बाहेर यायला तयार नाही, आतूनच ओरडली, "आजी, यात मळसुद्धा केलाय!" सगळी रांग हसली. जन्मापासून डोळ्यांनी काही न पाहिलेली पोर, पण त्या रांगेत कुणाला ते ठाऊकही नव्हतं. पोरांमध्ये पोर होती.

तेवढ्यात गळ्यात पट्टा घातलेली तुझी ती बाई आली. आवाजात नुसता मध. "खास मुलांसाठी आमची खास खोली आहे हं," म्हणाली आणि हिचा हात धरून घेऊन गेली. खोलीत मऊ गाद्या, मऊ चेंडू, एक घंटी. भिंगरीने घंटी वाजवली, गादी चाचपली आणि मला विचारलं, "इथे बाळं असतात का गं?" नऊ वर्षांची मुलगी. भिंतीपलीकडे पाणचक्की चालली होती, पोरं फळ्या उचलून पाणी सोडत होती, आरडाओरडा नुसता. हिचे कान तिकडे. मी म्हटलं, चल. ती बाई म्हणाली, तिकडे गर्दी आहे, धक्का लागेल. मी म्हटलं, लागू दे, आम्हीही लावू.

पण चक्कीपर्यंत पोचलोच कुठे? वाटेत तू भेटलीस, तुझे पाहुणे भेटले आणि तो फोटोवाला. तू हिला त्या पितळी पाटीसमोर उभं केलंस, जिच्यावर ब्रेलचे ठिपके आहेत. हात धरून वर ठेवलास. ठेवलास तो काचेवर. ठिपके काचेच्या आत! ज्यांनी हात लावून वाचायचं त्यांच्यासाठी लिहिलं आणि हात लागू नये म्हणून वर काच बसवली. अगं, असा गोंधळ आपल्या घराण्याला शोभतो, म्युझियमला नाही. फोटो निघाला, टाळ्या झाल्या, आणि मागून एक माणूस येऊन फडक्याने तिच्या बोटांचे ठसे पुसून गेला. तू पाहुण्यांकडे वळली होतीस. मी बघत होते.

फोनवर तू म्हणालीस, विश्वस्तांचं म्हणणं पडलं, पोरांच्या बोटांनी पितळ काळं पडेल. पडेना का! आपल्या जिन्याचा पितळी कठडा किती हातांनी घासलाय, त्यावर कुणी काच बसवली का? आणि तू कधीपासून दुसऱ्याचं म्हणणं पडलं म्हणून गप्प बसायला लागलीस? कॉटखाली तुझं म्युझियम होतं, आठवतं? दगड, पिसं, फुटकी भिंगं, सापाची कात. तिकीट म्हणून शर्टाचं बटण घ्यायचीस, त्यामुळे तुझे बाबा निम्मं वर्ष उघड्या कॉलरने कामावर गेले. आणि नियम एकच. हात लावल्याशिवाय बाहेर सोडायची नाहीस. मला सापाची शिसारी, तरी पालथी पडून त्या कातीला हात लावायला लावलंस. तेव्हा कॉट तुझी होती म्हणतेस? आता आख्खी इमारत तुझ्या हाताखाली आहे.

खोली मोडू नकोस, फक्त दारावरचं 'खास' काढ. भिंगरीच्या वर्गात एक मुलगी आहे, गोंगाट झाला की कान दाबून रडते. तिला ती खोली लागेल. दमलेल्या आजीलाही लागेल. ज्याला हवी त्याने बसावं, कुणाला नेऊन बसवू नये. आणि चक्कीचा कठडा खाली घे. त्याच वर्गातला एक पोरगा चाकाच्या खुर्चीत असतो, त्याला तिथून फक्त इतरांच्या पाठी दिसतील. मला त्यातलं काही कळत नाही, उतार किती आणि कठडा केवढा ते तूच जाणे. पण नुसत्या पाठी कुणाला बघाव्या लागतात, ते कुणालाही कळतं.

हे सगळं फोनवर बोलले असते तर तू "हो आई, हो आई" करून फोन ठेवून दिला असतास. म्हणून लिहिलं. पुढच्या आठवड्यात भिंगरीचा अख्खा वर्ग तुझ्याकडे सहलीला येतोय. तिने आत्ताच सांगून ठेवलंय की त्या दिवशी तिचं पोट दुखणार आहे. वर्गातल्या पोरांनी फोटो पाहिला, विचारलं, काय लिहिलं होतं गं? तिला सांगता येईना. खोटं बोलायला ती अजून शिकली नाही. रात्री जेवताना मला म्हणाली, "आजी, मी काय वाचत होते?" तुझ्या भावाने पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे केला. मी म्हटलं, तुझ्या आत्याला विचारून सांगते. तर विचारते आहे. मी तिला घेऊन येणार, पोट दुखो नाहीतर डोकं. तोवर काच निघालेली पाहिजे. विश्वस्त आडवे आले तर माझ्या पर्समध्ये तुझ्या बाबांचा स्क्रूड्रायव्हर असेल, आणि म्हातारीला कुणी दारात तपासत नाही. त्याआधी त्या पाटीवर काय आहे ते लिहून पाठव. मला नको, तिला. ब्रेलमध्ये, तुझ्या स्वतःच्या हाताने एकेक ठिपका टोचून. येत नसेल तर शीक. चुका झाल्या तर ती हसेल, हसू दे. ऑफिसातल्या कुणाकडून करून घेतलंस तर तिच्या बोटांना लगेच कळेल. उत्तर तूच द्यायचं, वाचायचं तिने, आणि मी नुसती शेजारी बसून ऐकणार.

तुझीच,
कातीला हात लावलेली आई