दुसऱ्यांचे टॉवेल

नोयहागन,
६ सप्टेंबर १९९७

प्रिय आल्मुटताई,

आम्ही सुखरूप पोचलो. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस की नुसता शेजारणींना दाखवत बसतेस? इथे हवा छान आहे, समुद्र गप्प आहे, आणि जेवणात हेरिंग मासे, हेरिंग आणि हेरिंग.

तू या पत्रात पहिल्यांदा जे शोधशील ते अजून घडलेलं नाही. यॉर्नला मी काही सांगितलेलं नाही. पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकायचं, असं तुझ्या स्वयंपाकघरात बसून आपण ठरवलं होतं, मी विसरलेले नाही. पण ब्रेमनहून दिवसभर गाडी चालवून तो असा दमला होता की सूप पिता पिता पेंगायला लागला. पेंगणाऱ्या नवऱ्याला 'मी तुला सोडून चालले' हे कसं सांगतात? आधी हलवून जागं करून? दोनचार दिवसांत सांगते. तू वरच्या खोलीला पडदे लावून ठेव. ठरल्याप्रमाणे मी एकटीच येणार आहे.

खोली आम्हाला अगदी ऐनवेळी मिळाली. हार्टविग नावाचं जोडपं दर सप्टेंबरात इथे उतरतं, यंदा ते येणार नाहीत, म्हणून. घरमालकीण तेस्मरबाई मोठ्या शिस्तीच्या आहेत. न्याहारीला गेलो तर म्हणाल्या, "तुम्ही खिडकीपाशी बसा, ती इर्मेलाची जागा. आणि तुम्ही इकडे, फोल्करच्या जागेवर." यॉर्नपुढे दगडासारखं घट्ट उकडलेलं अंडं आलं, कारण फोल्करला तसंच लागतं! घरी अंडं जरा जास्त शिजलं तर हा माणूस सकाळभर तोंड फुगवून बसतो. इथे मुकाट्याने खाल्लं.

किनाऱ्यावरची खुर्चीही हार्टविग मंडळींचीच. तीच गं, वेताची, वर छप्पर असलेली, दोघांनी खेटून बसायची. चावी घेऊन गेलो, समोरच्या लाकडी जाळीचं कुलूप काढलं, तर आत बैठकीवर निळ्या चौकड्यांचे दोन टॉवेल अंथरलेले. आता दुसऱ्याच्या टॉवेलला हात लावायचा नाही, हे आपल्या जर्मन लोकांना शिकवावं लागत नाही. कर भरायला एक वेळ उशीर होईल, पण ज्याचा टॉवेल त्याची जागा. आम्ही दोघं आपल्याच खुर्चीपुढे, हातात चावी घेऊन, गाढवासारखे उभे. शेवटी खुर्च्यांची राखण करणारा म्हातारा क्लास ओरडला, "अहो बसा की! तुमचेच आहेत ते!"

आमचे नव्हते. आमचे म्हणजे तू लग्नात दिलेले पिवळे, ते माझ्या पिशवीत होते. पण सगळा किनारा आमच्याकडे बघायला लागला होता, म्हणून बसलो. यॉर्न कित्येक महिन्यांनी हसला.

तुझी,
गेझा


नोयहागन,
११ सप्टेंबर

प्रिय ताई,

रागावू नकोस. अजूनही सांगितलेलं नाही, आणि या वेळी पेंगण्याची सबब नाही.

काय झालंय ते नीट लिहायचा प्रयत्न करते. यॉर्न माझ्याशी चांगला वागतोय. हस, हसून घे. सकाळी तो मला सफरचंद सोलून देतो, साल कुठेही न तुटता. मी पाण्यातून बाहेर आले की माझा झगा हातात धरून उभा असतो. संध्याकाळी कॉफी आणि केक घेताना मला विचारतो, तू कसला विचार करतेस? ताई, इतक्या वर्षांत या माणसाने मला, गाडीच्या चाव्या कुठे आहेत, यापलीकडे काही विचारलं असेल तर शपथ.

आधी ती थट्टाच होती. बेकरीतली बाई म्हणाली, "नेहमीचंच ना, हार्टविगबाई?" मी म्हटलं, हो. खसखस लावलेले पाव मिळाले. मला खसखस आवडत नाही, तुला माहीत आहे. छान लागले. बाहेर येऊन यॉर्न म्हणाला, "चला, इर्मे." आम्ही हसत सुटलो. मग दिवसभर मी इर्मे आणि तो फोल्कर. लहानपणी आपण दुकान-दुकान खेळायचो तसं.

आता तो हसत नाही. नुसतंच म्हणतो, इर्मे.

आणि तो पोहतो. घोट्याच्या वर पाणी आलं की बोंब मारणारा यॉर्न! इथे किनाऱ्यापासून आत समुद्रात लाकडी खांबांची रांग गेलीय. पार शेवटच्या खांबाला हात लावून परत येतो आणि म्हणतो, "पाणी मागच्यापेक्षा गार आहे." मागच्यापेक्षा म्हणजे कधी, ते मी विचारत नाही.

टॉवेलांचंही तसंच. रोज संध्याकाळी आम्ही ते दोरीवर वाळत घालून जातो, खुर्चीला कुलूप लावतो, चावी यॉर्नच्या खिशात. सकाळी सगळी वाळू दवाने ओली, आणि कुलपाच्या आत ते दोन्ही टॉवेल अंथरलेले, कोरडे खडखडीत. क्लासला विचारलं तर म्हणाला, "बाई, मी कशाला दुसऱ्याच्या टॉवेलला हात लावू?"

एक विचारायचं होतं. काल यॉर्न माझा पाय मांडीवर घेऊन बसला होता. तळव्यावर बोट ठेवून म्हणाला, "शिंपला लागला होता तो इथेच ना?" मी बघितलं तर तिथे व्रण आहे, जुना, पांढरा. ताई, लहानपणी मला तिथे काही लागलं होतं का? नीट आठवून लगेच कळव.

आणि पडदे तूर्त नको लावूस. मी सुखात आहे, हे लिहायची मला लाज वाटते, पण आहे. भीतीही वाटते. दोन्ही खरं आहे.

तुझी,
गेझा


नोयहागन,
१५ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. मला तळव्याला कधीच काही लागलं नव्हतं, असं तू लिहितेस. मला वाटलंच होतं.

परवा तेस्मरबाईंनी आलुबुखाराचा केक केला होता. यॉर्न पोहायला गेलेला, आम्ही दोघीच बागेत होतो. मी सरळच विचारलं, हार्टविग यंदा का आले नाहीत? त्यांनी आधी केकवरच्या माश्या हाकलल्या. मग म्हणाल्या, "मागच्या वर्षी तिने त्याला इथेच सांगितलं, मी तुला सोडून चालले म्हणून. खुर्चीत बसून. तो उठला आणि पोहायला गेला. शेवटच्या खांबापुढे गेला. ती बघत होती. हाक मारली नाही तिने. एक हाक मारली असती तर वळला असता हो, तिच्या शब्दाबाहेर नव्हता तो. दिवसभर मांडीवर टॉवेल घेऊन बसून राहिली. क्लासने विचारलं, मालक कुठे, तर म्हणाली, येतीलच."

"मग इर्मेला आता कुठे असते?" मी विचारलं.

तेस्मरबाईंनी माझ्याकडे बघितलं. "असं काय विचारता?" त्या म्हणाल्या. "घ्या, अजून एक तुकडा घ्या."

मी ठरवलं, आता पुरे. यॉर्नला सगळं सांगायचं आणि त्याच दिवशी गाडी पकडून तुझ्याकडे यायचं. माझ्यावर कुणी प्रेम करावं म्हणून मी जन्मभर दुसऱ्या बाईच्या नावाने जगणार नाही. सफरचंद मी स्वतःचं सोलून घेईन.

काल सकाळी खुर्चीत बसल्यावर सांगितलं. "यॉर्न, मला तुझ्याबरोबर राहायचं नाही. आल्मुटताईकडे खोली तयार आहे." केवढं सोपं वाक्य होतं! तो चिडला नाही. वर्तमानपत्राची नीट घडी घातली.

"मागच्या वर्षीही तू इथेच बसून हेच म्हणाली होतीस," तो म्हणाला.

"मागच्या वर्षी आपण ब्रेमनला होतो! कुंपण रंगवत होतो! भांडत होतो!" मी ओरडलेच.

"बरं," तो म्हणाला. हातातलं घड्याळ काढून माझ्या ओंजळीत ठेवलं. "जरा जाऊन येतो, इर्मे."

तेव्हा मला कळलं की आपण काय बोलून बसलो. जे वाक्य मी माझं समजून महिनाभर घोकलं होतं, तेही तिचंच होतं. मी पाण्यापर्यंत धावले आणि हाक मारली, यॉर्न! तो पोहत राहिला. पुन्हा मारली. यॉर्न, यॉर्न! लोक वळून बघायला लागले, त्याने मात्र मान वळवली नाही. शेवटचा खांब मागे पडला. समुद्र अगदी सपाट होता, त्याचं डोकं स्वच्छ दिसत होतं, आणि लहान होत चाललं होतं.

कुठल्या हाकेला तो वळेल ते मला ठाऊक होतं. आणि ती हाक मारली की मी कोण होईन, तेही. ताई, मी थोडा वेळ गप्प उभी राहिले. तुला खोटं का सांगू, त्या वेळात मला तुझी वरची खोली दिसली, पडदे लावलेली, आणि मी आत एकटी, मोकळी.

मग मी ओरडले, "फोल्कर!"

तो लगेच वळला.

निळा टॉवेल त्याच्याभोवती गुंडाळला तेव्हा तो थरथरत होता. "मला वाटलं, यंदाही तू हाक मारणार नाहीस," तो म्हणाला, आणि रडला. मीही रडले. यॉर्नला मी सोडून जायला निघाले होते, त्याला मरू द्यायला नव्हे. पण पाण्यातून जो बाहेर आला त्याच्या डोळ्यांत यॉर्न कुठे दिसला नाही.

आज सकाळी पुढच्या वर्षासाठी खुर्ची राखून ठेवायला सांगायला गेलो. आमच्या शेजारच्या खुर्चीपुढे एक नवं जोडपं उभं होतं, हातात चावी घेऊन, अवघडून. जाळी उघडलेली, आणि बैठकीवर दोन पिवळे टॉवेल अंथरलेले. तू दिलेले. नंतर खोलीवर जाऊन माझी पिशवी बघितली, रिकामी होती. ती बाई नवऱ्याला म्हणत होती, "नको रे हात लावूस, कुणाचे तरी असतील." मला ओरडून सांगायचं होतं, बसू नका, परत जा. तोंड उघडलं तर शब्द फुटेना. तेवढ्यात क्लास आला.

"अहो बसा की," तो म्हणाला. "तुमचेच आहेत ते."

ती दोघं बसली. बाई हसरी आहे, तुला आवडेल. नवरा अंडं फार घट्ट झालं म्हणून कुरकुरत होता.

तेस्मरबाई म्हणतात, इर्मेलाला बहीण नव्हती. त्यामुळे यापुढे मला तुला लिहिता येईल की नाही, कळत नाही. एक कर. पडदे लाव. एखादे दिवशी तुझ्या दारात पिवळे टॉवेल घेऊन एक बाई येईल, बहुतेक एकटीच. चेहरा ओळखीचा वाटणार नाही. ती तुला ताई म्हणेल. तिला आत घे, आणि नाव विचारू नकोस.

हे पत्र संपेपर्यंत तरी तुझीच,
गेझा