पोटातले पट्टे आणि लोणखेड्याचं जेवण

तीर्थस्वरूप चुडामणमामांना,

कोरीटहून भाग्येशचा नमस्कार. (साष्टांग घालायचा होता, पण सध्या पोट जमिनीला टेकवत नाही, उभ्याचाच गोड मानून घ्यावा.) तुमची, मामींची आणि पोल्ट्रीतल्या सगळ्यांची तब्येत ठीक असावी. फोनवर कोंबड्यांच्या कलकलाटापुढे माझं काही चालत नाही, म्हणून लिहितोय.

गेल्या वर्षी माझं अपेंडिक्स फुटलं हे तुम्हाला माहीत आहे. का फुटलं ते माहीत नाही. लोणखेड्याच्या रूपाने तेव्हा आठ दिवस माझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नव्हतं. त्यातच पोट दुखायला लागलं. मला वाटलं, विरह असाच असतो. तीन दिवस तो मी मन लावून सोसला. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी पोट उघडलं, तर आत विरह नव्हता, पू होता.

टाके निघाले, रूपाही बोलायला लागली. पण जखम आतूनही भरत असते आणि तिथे शरीराला अंदाज राहत नाही. एकमेकांवरून सुळसुळ सरकणाऱ्या आतड्यांमध्ये ते पापुद्र्यासारखे पट्टे तयार करतं, मग हे आतडं त्या आतड्याला चिकटतं. (पोट उघडलेल्या बहुतेकांना असं होतं, पण पुष्कळांना कळतही नाही. मला जेवलं की कळ यायची.) मी तावातावाने म्हटलं, कापून टाका. डॉक्टर म्हणाले, कापलं की तिथेच नवे धरतात. त्यापेक्षा थोडं खा, चावून खा, चोथ्याचं टाळ.

अशात मागच्या रविवारी रूपाच्या वडिलांनी, नवलकाकांनी, मला बघायला म्हणून जेवायला बोलावलं. आपल्याकडे मुलगा ताटावर जोखतात, तुम्हाला ठाऊकच आहे. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात. रूपाची आई बेबीबाई "आखो एक ले भाऊ, लाजू नको" म्हणत वाढत होत्या. मी एका भाकरीवर थांबणारच होतो. तेवढ्यात नवलकाका पुटपुटले, "आजकालना पोरे काय खातीन." माझं डोकं फिरलं. तीन खाल्ल्या.

दुपार कलेपर्यंत पोटाचा ढोल झाला आणि त्यांच्याच ओट्यावर मी तीनदा ओकलो. आतडं पट्ट्यात अडकलं होतं. शहाद्याच्या दवाखान्यात नाकात नळी, तोंडात पाण्याचा थेंब नाही. डॉक्टर रोज येऊन एकच विचारायचे, वारा सरला का? तिसऱ्या दिवशी सरला, नेमके नवलकाका उशाशी असताना. नर्सबाईंनी ती आनंदाची बातमी अख्ख्या वॉर्डाला दिली. ऑपरेशन टळलं. पण काका निघताना म्हणाले, "या पोऱ्याना पोटमा काहीतरी शे." तेव्हापासून लग्नाची बोलणी बंद आहेत.

बाकी सगळं ठीक.

तुमचा भाचा,
भाग्येश

ता.क. तुमचं पोट दोनदा उघडलंय, तरी तुम्हाला चार मुलं आहेत आणि ढेकरही दणदणीत येतो. रविवारी लोणखेड्याला या, नवलकाकांना शर्ट वर करून दोन्ही व्रण दाखवा आणि त्यांच्यासमोर तीन भाकरी खा. ते ऐकीव गोष्टी मानत नाहीत.

ता.क. २. ऑपरेशनमुळे कॉलेज सुटलं असं मी तिथे सांगितलंय. खरं तर सरांशी भांडून चार महिने आधीच सोडलं होतं. तारखांचा विषय निघाला तर तुमच्या तोंडात घास असू द्या.

ता.क. ३. आत्ताच रूपाचा फोन आला. तिने तारखा स्वतःच सांगून टाकल्या. काका म्हणे हसले. पोटाचं ते समजून घेतील, डोक्याचं काय ते विचारतायत. तेव्हा शर्ट खालीच राहू द्या. फक्त येताना कॉलेजातून प्रवेशाचा अर्ज घेऊन या. मीच गेलो असतो, पण ते सर अजून तिथेच आहेत.