सहावा दात

माय, आज तुझ्या नातीच्या तोंडात बोट घालून दात मोजले. धाकटीची पोर गं, सात वर्षांची, तू जिला पाहिलंच नाहीस. मधल्या फटीपासून एक, दोन, तीन करत गेले. सहावा पुरता वर आलाय. धाकटी म्हणाली, "अगं, उद्या डॉक्टर बघतीलच ना!" म्हटलं, बघू देत, आपल्या घरात आधी बोटानं मोजायची रीत आहे.

ही रीत माझ्या दातापायी पडली. आपला जिल्हा तेव्हा आंध्रात होता आणि मी नऊ वर्षांची होते. मागची दाढ काळी पडून पोखरली होती. लवंग दाबून तू मला शाळेत धाडायचीस. "दुधाचा दात हाय, पडते आपोआप. काऊन रडून राह्यली?" तुझं तरी काय चुकलं म्हणा! ही दाढ कुठलाच दात न पडता मागून गुपचूप उगवते, म्हणून मावला गावातल्या आपल्या सगळ्या गल्लीला ती दुधाचीच वाटायची. शेवटी गाल सुजून माझा डोळा मिटला, तेव्हा भाजीची टोपली शेजारणीवर सोपवून तू आम्हा दोघी बहिणींना आदिलाबादला दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलंस. गोळ्यांनी सूज उतरली आणि पुढच्या खेपेला त्यांनी दाढ काढली.

बाई तेलुगू होत्या. काढलेली दाढ दाखवून त्या हिंदीत म्हणाल्या, "अम्मा, ये दूध का दाँत नहीं था. पक्का था. अब दूसरा नहीं आएगा." भर बाजारात घासाघीस करणाऱ्यांची बोलती बंद करणारी तू, पण तेव्हा पदराचं टोक पिळत राहिलीस. मग एकदम धाकटीला पुढं ढकललंस. "इसका देखो."

धाकटीची दाढ नुकतीच वर आलेली, पांढरीशुभ्र, पण वरून खोल खाचांची. बाई म्हणाल्या, अन्न इथंच अडकतं, ब्रश आत पोचत नाही. कीड लागायच्या आधी खाचा बुजवून टाकू. मी कापूस चावत बाकावर बसलेय आणि जळफळतेय, कारण तिला ना सुई, ना चिमटा. बाई दाढ घासतात, कसलंसं औषध लावून धुतात, कोरडी करतात. थुंकी लागता कामा नये म्हणून गालाशी कापसाच्या गुंडाळ्या कोंबल्यात, आणि धाकटीचं चुळबुळणारं डोकं तुझ्या दोन्ही हातांत. एक पातळ थेंब खाचांतून पसरतो. बाई त्यावर निळा उजेड धरतात, आणि बघता बघता तो थेंब कडक! "अवो माय!" तू ओरडलीस. "आत्ता पाण्यावानी होतं ना? उजेडानं गोठलं?" बाईंनी हसत तुला हात धुवायला लावले आणि बोटानं चाचपू दिलं. तुझं तोंड उघडं ते उघडंच. मग त्यांनी मधून सहावा दात कसा मोजायचा ते शिकवलं, आणि बजावलं: घासणं सोडायचं नाही, लेप झिजतो, मधूनमधून दाखवायला आणायचं.

तुला अक्षरओळख नव्हती, पण सहापर्यंत मोजता येत होतं, आणि तेवढ्यावर तू काय केलंस गं! भाजी घ्यायला आलेल्या बाईसोबत लेकरू दिसलं की वांगी बाजूला. "आ कर!" आणि मोजणी सुरू. "सावा दात पडत नसते, बाई. जलमाचा हाय तो. घेऊन जाय आदिलाबादले." बायका हसायच्या, मी लाजेनं मरायची. आज मात्र थक्क होऊन बसलेय. धाकटीची ती दाढ अजून शाबूत आहे. लेप दोनदा नव्यानं लावला एवढंच. त्या गल्लीतल्या किती जणांच्या असतील, कोण जाणे.

एक सांगायचं राहिलं. तोंडानं जमलं नाही, आणि आता हा कागद तरी कुठं धाडू? दाढ काढलेली ती जागा महिन्याभरात भरली होती. दुखत नव्हती. तरी तुझ्यासमोर मी कायम एकाच बाजूनं चावायची. मुद्दाम. तुला दिसावं म्हणून. तुला दिसायचं, आणि मी कॉलेजात गेले तरी तू माझी भाकर दुधात कुस्करून द्यायचीस. तू गेल्यावर शेजारणीनं डबा आणला, तेव्हा मी दोन्ही बाजूंनी चावून जेवले, माय.